पुढील फोनची तारीख

केंद्रात तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि पाठ वळली की फोनबाई. हे तिला माहीत होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. माणूस दारू सोडून घरी गेला की वर्षभर दर महिन्याला त्याला फोन करायचा, हे तिचं काम. असा ससेमिरा लावणाऱ्या बाईला लोक लाडानं हाक मारतील, ही अपेक्षाच चुकीची.

व्यसनमुक्तीचं आणि मनाच्या आजारांचं ते केंद्र साठ खाटांचं होतं. बाहेरून शाळेसारखं दिसे. आत आलं की हळूहळू एकेक गोष्ट लक्षात यायची. पडद्यांना दोऱ्या नव्हत्या. न्हाणीघरात आरशाच्या जागी चकचकीत पत्रा होता, त्यामुळे प्रत्येकाचं तोंड थोडं वाकडं दिसायचं. दारांच्या कड्या आतून लागायच्या, पण बाहेरूनही उघडता यायच्या. भरती होताना माणसाचा पट्टा, बुटांच्या नाड्या, अत्तराची बाटली, खोकल्याचं औषध असं सगळं एका कापडी पिशवीत जायचं आणि पिशवीवर खाटेचा नंबर लागायचा. सुरुवातीला हात स्वच्छ करायचं सॅनिटायझर भिंतीवर टांगलेलं असे. एकानं ते पाण्यात मिसळून पिऊन टाकलं, तेव्हापासून नुसता साबण. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. ते ठेचा खाऊन आलं होतं, आणि त्यातल्या निम्म्या ठेचा फोनबाईनं खाल्ल्या होत्या.

ती आली तेव्हा केंद्र म्हणजे भाड्याचं घर आणि आठ खाटा. डॉक्टर नुकतेच शिकून आलेले, माणसाचं मन जाणणारे, पण संस्था चालवणं कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. हिला त्यांनी नावं लिहून घ्यायला म्हणून ठेवलं. महिनाभरात ती चादरी मोजायला लागली, गोळी दिल्यावर जीभ वर करायला लावून ती खरंच गिळली का ते बघायला लागली, रडणाऱ्या बायकांना पाणी द्यायला लागली आणि फाटकावर ठाण मांडून बसलेल्या मेव्हण्यांना वाटेला लावायला लागली. केंद्राचे नियमही तिनंच लिहिले. डॉक्टर बोलत गेले, ती लिहीत गेली, आणि जिथं डॉक्टर अडले तिथं तिनं आपल्या मनानं लिहिलं. तिच्या ठसठशीत अक्षरातला तो कागद चौकटीत घालून मधल्या वाटेवर लावलेला होता.

पाच वर्षांनी डॉक्टरांना वाटलं, इथून गेलेल्यांचं पुढं होतं काय, ते कळायला हवं. मग दोघांनी बसून आठ प्रश्न तयार केले. झोप कशी लागते. जेवण वेळेवर होतं का. गोळ्या चालू आहेत का. कामावर जाता का. गेल्या महिन्यात घेतली का. घ्यावीशी वाटली का, कधी. मन फार खचतं का. आणि आठवा, जवळ बोलायला कोणी आहे का. घरी सोडताना पेशंट एका कागदावर सही करायचा, की बारा महिने मी या फोनला उत्तर देईन. फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता, ‘पुढील फोनची तारीख’. तो रकाना तिनं चौदा वर्षांत कधी मोकळा सोडला नव्हता; फाईल संपली तरी ती तिथं ‘बंद’ असं लिहायची.

या कामात ती तरबेज झाली, ती एका गोष्टीमुळे. पहिल्या पंधरा दिवसांतच तिच्या ध्यानात आलं की माणसं फोनवर एकच उत्तर देतात, ठीक आहे. झोप ठीक आहे, जेवण ठीक आहे, बायको माहेरी गेली तरी ठीक आहे. ‘ठीक आहे’ला ती उत्तर मानायचीच नाही. ती काही विचारायची नाही की हं-हं करायची नाही. नुसती गप्प बसायची आणि मनात दहापर्यंत मोजायची. सात-आठच्या आसपास समोरचा माणूस खरं बोलायला लागायचा. नवीन आलेल्या समुपदेशकांना ती हे शिकवायची आणि सांगायची, “त्या आठ आकड्यांत तुम्ही तोंड उघडलंत तर मेहनत वाया.” नवीन माणसं हटकून पाचावर तोंड उघडायची.

आता यातली गंमत अशी, की काम जितकं यशस्वी तितकी ती एकटी पडत जायची. जो घसरला, तो परत यायचा, तिच्यासमोर बसायचा, शरमेनं का होईना पण बोलायचा. जो सावरला, तो चौथ्या-पाचव्या महिन्यापासून घाईत असायचा. दहाव्या महिन्यात त्याची बायको म्हणायची, “नंबर चुकलाय तुमचा.” हीच बायको वर्षापूर्वी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलेली असायची. फोनबाई रागवायची नाही. बऱ्या झालेल्या माणसाला आजारपणाची आठवण नको असते, हे तिला कळत होतं. बारा महिने झाले की ती फाईलवर हिरवी पट्टी चिकटवायची आणि कपाटात ठेवून द्यायची. अशा हजारावर फाईली तिनं बंद केल्या. त्यांपैकी एकानंही कधी आपणहून फोन केला नाही. नाही म्हणायला एकानं केला होता, त्याच्या चपला इथं राहिल्या होत्या म्हणून.

केंद्रापासून दहा मिनिटांवर तिच्या दोन खोल्या होत्या. लग्न ठरता ठरता दोनदा मोडलं, नंतर केंद्रातून मान वर काढायलाच सवड झाली नाही, आणि मग कोणी विषय काढेनासं झालं. टेबलाजवळ दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे. सोमवारी सकाळी पहिला फोन लावण्याआधी ती दोन-तीनदा खाकरून घ्यायची, कारण शनिवार संध्याकाळपासून घसा वापरलेलाच नसायचा. दिवसभर दुसऱ्यांना आठवा प्रश्न विचारणाऱ्या बाईला तो प्रश्न कोणी विचारला असता, तर तिनं ठीक आहे म्हणून वेळ मारून नेली असती.

तिला एकच माणूस होतं आणि ते फाईल नंबर दोनशे सतरामध्ये होतं.

फाईलींचे नंबर दर वर्षी नव्यानं एकपासून सुरू व्हायचे; त्या वर्षीचा दोनशे सतरा म्हणजे तिचा भाऊ. तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. वडील लवकर गेले, आई दिवसभर शिवणाच्या मशीनवर, त्यामुळे पोरगा हिच्याच कडेवर वाढला. तो ‘आई’च्या आधी ‘ताई’ म्हणायला शिकला, असं आई हसत हसत सांगायची, पण तिला ते थोडं लागलेलं असायचं. मोठा होऊन तो फर्निचरला पॉलिश करायला लागला. हात असा चांगला, की जुन्या कपाटात माणसाला आपलं तोंड दिसावं. पण पॉलिशमध्ये स्पिरिट, दिवसभर नाकात तोच वास, आणि काम संपलं की कारागिरांची बैठक. वीस वर्षांत काम सुटत गेलं आणि बैठक तेवढी राहिली. जगाच्या भावांना ताळ्यावर आणणाऱ्या बाईनं स्वतःच्या भावापुढं मात्र हात टेकले होते.

मग एका सकाळी तो आपल्या पायानं केंद्राच्या फाटकाशी आला. हात इतके थरथरत होते, की भरतीच्या कागदावरची सही ओळखू येईना. “ताई, आता तू सांगशील तसं,” म्हणाला. तिनं त्याचा पट्टा, नाड्या पिशवीत घातल्या आणि पिशवीवर नंबर लावला.

केंद्राच्या नियमांत तिसरा नियम असा होता: पहिले पंधरा दिवस घरची कोणतीही बातमी, बरी किंवा वाईट, पेशंटपर्यंत जाणार नाही. हा नियम डॉक्टरांचा नव्हता, तिचा होता. केंद्राच्या दुसऱ्या वर्षी एका माणसाला पाचव्या दिवशी कोणीतरी खिडकीतून सांगितलं, की तुझी बायको मुलांना घेऊन गेली. तो दुपारच्या जेवणाआधी भिंतीवरून उडी मारून निघून गेला आणि तीन दिवसांनी एका खड्ड्यात सापडला. जिवंत नव्हता. त्या आठवड्यात तिनं तो नियम लिहिला आणि त्यानंतर तो कधी मोडला गेला नाही.

भाऊ भरती झाला त्याच्या सातव्या दिवशी आईला हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात न्यावं लागलं. नवव्या दिवशी दुपारी ती गेली.

फोनबाई तशीच डॉक्टरांकडे आली. डॉक्टर बराच वेळ टेबलावरचं पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, “नियम तुमचा, भाऊही तुमचा. तुम्ही म्हणाल त्याच्यावर मी सही करतो.” त्यांनी चांगुलपणानं म्हटलं असेल, पण सगळा भार तिच्या अंगावर टाकून ते मोकळे झाले, हेही तितकंच खरं. ती मधल्या वाटेनं गेली आणि भावाच्या खोलीच्या दारातल्या काचेतून बघितलं. तो वाटीतून काहीतरी खायचा प्रयत्न करत होता आणि चमचा वाटीवर टकटक वाजत होता. ती परत फिरली. आईचं शेवटचं सगळं तिनं दोन शेजाऱ्यांना हाताशी धरून उरकलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली.

पुढचे सहा दिवस रोज सकाळी ती त्याच्या खोलीत जायची. रोज तो विचारायचा, “आई कशी आहे?” आणि रोज ती सांगायची, “ठीक आहे.”

सोळाव्या दिवशी भेटीच्या खोलीत बसवून तिनं त्याला खरं सांगितलं. तो रडला नाही. “कधी?” एवढंच विचारलं. तिनं वार सांगितला. त्यानं बोटांवर मोजलं, दुसऱ्या हाताच्या पहिल्या बोटाशी थांबला आणि हात खाली ठेवला.

“म्हणजे सहा वेळा ठीक होती,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो तिला मॅडम म्हणायला लागला. भांडला नाही, केंद्र सोडून जातो म्हणाला नाही. नव्वद दिवस पूर्ण केले, आणि केंद्राच्या इतिहासात इतका सरळ पेशंट झाला नसेल. नियमानं नात्यातल्या माणसाची फाईल दुसऱ्यानं सांभाळायची असते, पण फोन करायला दुसरं होतं कोण? घरी सोडायच्या दिवशी त्यानं बारा महिन्यांच्या कागदावर सही केली. या वेळी सही स्वच्छ होती. तो दूरच्या गावात एका काचेच्या दुकानात लागला, जिथं स्पिरिट नव्हतं. संपर्कासाठी त्यानं दुकानाचा नंबर दिला. स्वतःचा दिला नाही आणि हिचाही घेतला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चार वाजता ती केंद्राच्या फोनवरून त्याला फोन करायची. “नमस्कार, केंद्रातून बोलतेय.” “बोला, मॅडम.” ती त्याला तुम्ही म्हणायची, फॉर्म तसाच होता. जिला त्याचं नाक पुसायचं ठाऊक, ती त्याला विचारायची, “जेवण वेळेवर होतं का तुमचं?” मागं काच कापल्याचा आवाज यायचा, आधी किरकिर आणि मग टक्. चार मिनिटांत आठ प्रश्न संपायचे. तो कधी ‘ठीक आहे’ म्हणत नसे. मोजून दोन-तीन शब्द, पण खरे. फोन ठेवल्यावर ती आणखी थोडा वेळ हात फोनवरच ठेवून बसायची. तेवढ्यावर महिना निघायचा.

बारा महिने झाले. हिरवी पट्टी तिनं डबीतून काढली, बोटावर धरली आणि परत डबीत ठेवली. ‘पुढील फोनची तारीख’ या रकान्यात तिनं पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार लिहिला. त्याला काही सांगितलं नाही. तो कामाचा माणूस, त्याला कुठं महिने मोजायला वेळ असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. चोरी ती चोरीच. ज्या बाईनं आईसाठी नियम वाकवला नाही, तिनं चार मिनिटांच्या फोनसाठी तो मोडला, आणि मग महिन्यामागून महिने मोडत राहिली. तेरावा फोन झाला, विसावा झाला, अठ्ठाविसावा झाला.

मग केंद्र विकलं गेलं. डॉक्टरांचे गुडघे गेले होते, मुलगी परदेशात, चालवणार कोण? एका कंपनीनं घेतलं, जिची अशी अकरा केंद्रं होती. कंपनीनं एक साहेब पाठवला. तिशीतला, गोड बोलणारा, तिला ‘मॅम’ म्हणणारा. त्यानं पहिल्याच दिवशी तिच्या कामाची चौकशी केली.

“वर्षानंतर शंभरातले किती टिकतात, मॅम?”

“एकतीस. बावीस घसरतात. बाकीचे फोन उचलत नाहीत.”

“न उचलणारे बरे झालेत असं धरलं तर?”

“मेलेत असंही धरता येईल,” ती म्हणाली.

साहेब हसला आणि त्यानं ते कुठं लिहिलं नाही. यापुढं हे फोन माणसानं करायची गरज नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. मोबाईलवर रेकॉर्ड केलेला आवाज जाईल, बरं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा.

“आणि नुसतं ठीक असेल तर?” तिनं विचारलं.

“एकच दाबायचा, मॅम.”

तिला चादरी आणि सामानाचा विभाग मिळणार होता. एकोणीस वर्षांनी ती फिरून चादरींवर आली. तेही तिनं चालवून घेतलं. पण जुन्या फाईली चाळताना साहेबाचं बोट दोनशे सतरावर थांबलं.

“हे बारा महिन्यांचं असतं ना? इथं तर एकोणतिसावा चालू आहे.”

“राहून गेलं.”

“सोमवारी हा टेलिफोन कापणार आहेत, पाच वाजता. त्याआधी बंद करून टाका. शेवटचा फोन करायचा आणि फाईल बंद करण्याचं छापील वाक्य वाचून दाखवायचं. एवढंच.”

एवढंच. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. शनिवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तिनं दोन खोल्यांत येरझाऱ्या घातल्या. फाईल बंद झाली की भावाचा शब्द पुरा झाला. तो सहीला जागणारा माणूस, सहीपुरताच बोलत होता. उद्या ती कुठल्या नात्यानं दुकानात फोन करणार होती? बहीण म्हणून फोन केला आणि मालकानं आत हाक मारली आणि तो आलाच नाही तर? ही भीती तिनं अडीच वर्षं कोणाला बोलून दाखवली नव्हती, आणि बोलून दाखवायला कोणी नव्हतंही.

सोमवारी चारला पाच मिनिटं असताना ती फोनसमोर बसली. टेलिफोनचा माणूस लवकर आला होता, त्याला तिनं चहा देऊन बाहेरच्या बाकावर बसवलं. खाकरून घेतलं आणि नंबर फिरवला. तो तिला पाठच होता.

“नमस्कार, केंद्रातून बोलतेय.”

“बोला, मॅडम.”

“झोप कशी लागते?”

“लागते. पहाटे एकदा जाग येते.”

“जेवण वेळेवर होतं का?”

“दुपारचं होतं.”

तिनं लिहून घेतलं. गोळ्या बंद झाल्या होत्या, काम चालू होतं. “गेल्या महिन्यात घेतली का?”

“नाही.”

“घ्यावीशी वाटली?”

“एकदा. समोरच्या दुकानाच्या दरवाजाला पॉलिश चाललं होतं, वास आला.”

“मग काय केलंत?”

“आत जाऊन काच कापली.”

“मन फार खचतं का?”

“कधीकधी. दुकान बंद असतं तेव्हा.”

“बोलायला जवळ कोणी आहे?”

“मालक आहेत,” तो म्हणाला. दर महिन्याला हेच म्हणायचा. तिनं दर महिन्यासारखं ‘मालक’ असं लिहिलं.

आठ प्रश्न संपले. मागं कोणीतरी काच कापत होतं. तिनं छापील वाक्याचा कागद जवळ ओढला आणि वाचायला सुरुवात केली, “आपण ठरलेल्या काळात केंद्राला उत्तरं दिलीत, त्याबद्दल आभारी आहोत. आपली फाईल आजपासून बंद करण्यात येत आहे. पुढं कधी गरज भासली तर याच नंबरवर…” ती थांबली, कारण पाचनंतर हा नंबरच राहणार नव्हता. “तर तेवढं आहे,” असं म्हणून तिनं कागद बाजूला ठेवला.

मग तो म्हणाला, “कागदावर बारा महिने लिहिलेत.”

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“माझ्याकडं आहे तो कागद. हा एकोणतिसावा फोन. मला वाचता येतं, ताई.”

हा शब्द तिनं अडीच वर्षांवर ऐकला नव्हता. तिनं टेबलाची कड धरली. बाहेर टेलिफोनचा माणूस कपबशी खाली ठेवत होता.

“मी एक विचारू?” तो म्हणाला. “तुझ्या फॉर्मवर नाहीये ते.”

“विचार.”

“शेवटी आई कशी होती? माझ्याबद्दल काही म्हणाली?”

तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “ठीक होती.”

तो गप्प राहिला. त्यानं काही विचारलं नाही, की फोन ठेवला नाही. काच कापणाराही थांबला होता बहुतेक. ती शांतता तिनं तत्काळ ओळखली, कारण ती तिची स्वतःची होती. नव्वद दिवस इथं राहिलेला माणूस, दुसऱ्यांवर चालवलेली तिची युक्ती त्यानं शंभरदा ऐकली असणार. ती मनातल्या मनात मोजायला लागली. सात आले, आठ आले.

“ठीक नव्हती,” ती म्हणाली. “आठव्या दिवशी संध्याकाळी शुद्धीवर होती. म्हणाली, त्याला घेऊन ये. मी म्हटलं, आणता येत नाही, नियम आहे. ती म्हणाली, नियम कोणी केला? मी म्हटलं, मी.”

“मग?”

“म्हणाली, मग मोड.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी मोडला नाही. तिला सांगितलं, तो निघालाय, वाटेत आहे. रात्रभर दाराकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी गेली.” आणि मग ती म्हणाली, “हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगायला हवं होतं.”

ती रडत होती, पण आवाज तिनं नेहमीसारखाच ठेवला, कारण तिला दुसऱ्या आवाजात फोनवर बोलताच येत नसे.

“त्या दिवशी मी बाहेर पडलो असतो,” तो सावकाश म्हणाला, “तर परत आत आलो नसतो. आज जिवंत नसतो. हे मला कळतं.”

“हं.”

“तरीपण.”

“तरीपण,” ती म्हणाली.

बराच वेळ दोघं तसेच फोन धरून राहिले. या वेळी ती मोजत नव्हती. मग तो म्हणाला, “तुझा नंबर सांग. केंद्राचा नको, तुझा.”

तिनं स्वतःचा मोबाईल नंबर सांगितला. तो लिहीत असावा, कारण मधे मधे तो ‘थांब’ म्हणत होता. मग त्यानं दहाही आकडे परत वाचून दाखवले. दोन आकडे उलटे झाले होते, ते तिनं दुरुस्त करून दिले आणि त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले.

“तू नको करूस,” तो म्हणाला. “मी करीन.”

कधी, ते तो म्हणाला नाही. तिच्या जिभेवर तो प्रश्न आला होता. चौदा वर्षं ती माणसांना तारीख आणि वेळ सांगून मगच फोन ठेवत आली होती. तिनं तो प्रश्न गिळला आणि “बरं” म्हणाली. त्यानं फोन ठेवला.

दार वाजलं. टेलिफोनचा माणूस हातात पेचकस घेऊन उभा होता. “झालं का, मॅडम?”

“एक मिनिट,” ती म्हणाली. तिनं दोनशे सतरावर हिरवी पट्टी चिकटवली आणि कडा अंगठ्यानं दाबून बसवल्या. मग फॉर्मच्या तळाशी पेन नेलं. ‘पुढील फोनची तारीख’ या रकान्यावर ते थोडा वेळ तसंच धरलं आणि टोपण लावून ठेवून दिलं. रकाना मोकळाच राहिला. तिनं माणसाला आत बोलावलं, पर्समधून आपला मोबाईल काढला, जो कामाच्या वेळात ती नेहमी बंद आवाजात ठेवायची, आणि त्याचा आवाज मोठा केला.